बाराबंदीचं पांढरं

डिसेंबरात अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, घरी आणलं, दिवाणावर बसवलं. ते खाली अंथरलेल्या चादरीकडं बघत राहिले. पांढऱ्या जमिनीवर निळी फुलं असलेली, आपली नेहमीची सोलापुरी चादर. त्यांनी तळहातानं डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला, परत डावा. असं चार-पाच वेळा केलं आणि मला हाक मारली.

"इकडं ये गं. या डोळ्यानं बघितलं तर चादर धुऊन आणल्यासारखी पांढरी दिसतीय. आणि या डोळ्यानं बघितलं तर चहा सांडून वाळल्यासारखी. मग दोन्ही उघडे ठेवल्यावर मी नेमकी कुठली बघतोय?"

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होईल. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट पडत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते जुनं भिंग काढून नवं बसवलं, की इतकी वर्षं अडलेला निळा एकदम आत येतो. दुसरा डोळा मात्र अजून जुन्याच भिंगातून बघत असतो. एकाच डोक्यात दोन कॅमेरे, दोघांचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं याचा हिशेब, वेगळा.

अण्णांचा प्रश्न माझ्या कामातला होता. गेली वीस वर्षं मी हेच करत आले आहे. आमच्याकडं या कामाला मिक्सिंग म्हणतात. एडिटिंग हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, पण लग्नाचा अल्बम न्यायला आलेला माणूस विचारतो ते, "मिक्सिंग झालं का ओ?" असंच. मला हा शब्द आवडतो. एका कार्याला तीन कॅमेरे, त्यात पाहुण्यांचे मोबाइल, आणि त्या सगळ्यांतून एक दुपार तयार करायची. एडिटिंग म्हटलं की कापणं डोळ्यासमोर येतं. मिक्सिंग म्हटलं की मिसळणं येतं, आणि हातात असतं ते खरं तर हेच.

अण्णांनी हा धंदा सुरू केला तेव्हा खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा होता. लग्नात एकच कॅमेरा असायचा, त्यामुळं जुळवायचं काही नव्हतंच. जे त्याला दिसलं, तेच लग्न. मग मिनी डीव्हीच्या छोट्या कॅसेट आल्या, डीएसएलआर आले आणि शेवटी प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. आता मांडवात दोनशे माणसं असली तर कॅमेरे दोनशेच्या वर असतात.

यंदाचं हे काम मात्र लग्नाचं नव्हतं. म्हटलं तर होतंही.

आमच्या शेजारच्या घरातला मुलगा यंदा गड्ड्याच्या यात्रेत पहिल्यांदा काठी पेलणार होता. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. संक्रांतीला आमच्या सोलापूरच्या ग्रामदैवताची, बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. त्या लग्नाच्या मिरवणुकीत सात नंदीध्वज निघतात, त्यांना आम्ही काठ्या म्हणतो. पहिल्या दिवशी शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक, भोगीला सम्मती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. काठी पेलणाऱ्यांचा वेष ठरलेला असतो, पांढरी बाराबंदी. बारा बंदांनी बांधायची, म्हणून बाराबंदी. हा मुलगा घालणार होता ती त्याच्या आजोबांची होती. ते गेल्यापासून ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेली.

अक्षतांच्या दिवसाचं सगळं शूटिंग एकत्र करून एक फिल्म करून दे, असं त्याच्या आईनं सांगितलं. चार दिवसांनी माझ्या टेबलावर पाच जणांची फुटेज येऊन पडली. माझा स्वतःचा मिररलेस कॅमेरा. अण्णांचा जुना हँडीकॅम. डोळ्याला काळा चष्मा लावून का होईना, पण मी येणार म्हणजे येणार, असं म्हणून ते आलेच होते. मुलाच्या चुलतभावाचा महागडा मोबाइल. त्याच्या मित्रानं छातीवर बांधलेला ॲक्शन कॅमेरा. आणि मुलाच्या आत्याचा मोबाइल, ज्यात तिनं सगळं उभं धरून काढलं होतं आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं.

फोल्डर उघडला की मी आधी कुणाचं चांगलं, कुणाचं वाईट ते बघत नाही. आधी वेळ बघते. माझा कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. आपल्याकडं विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा, १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेही पाल या सेकंदाला २५ चित्रांच्या पद्धतीत, म्हणून आपल्या गावातला व्हिडिओवाला पंचविसाचा. मोबाइल अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या हिशेबानं ३० वर लावलेला येतो आणि कुणी तो बदलत नाही. ट्यूबलाइटखाली काढलेल्या मोबाइलच्या व्हिडिओत काळपट पट्टे सरकताना दिसतात ते यामुळंच. दुपारच्या उन्हात पट्ट्यांचा प्रश्न नव्हता, पण तीसचे पंचवीस करायचे म्हणजे दर सहा चित्रांतलं एक फेकायचं. माणूस उभा असेल तर कळतही नाही. हलगी वाजवणारा हात असेल तर प्रत्येक थापेला तो अडखळतो.

बरं, मोबाइल तीसला तरी ठाम असतो का? नसतो. उजेड कमी झाला, फोन तापला, की तो गुपचूप २७ वर येतो, परत ३० वर जातो. अशी फाइल टाइमलाइनवर टाकली की पहिल्या मिनिटाला ओठ आणि आवाज जुळलेले असतात आणि दहाव्या मिनिटाला माणूस आधी बोलतो, आवाज मागून येतो. म्हणून मोबाइलची प्रत्येक फाइल मी आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढून एका ठाम फ्रेम रेटची करून घेते, मगच डाव्हिंचीत, म्हणजे मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणते. आणि डाव्हिंचीत पहिली फाइल आणायच्या आधी प्रोजेक्ट २५ वर लावते, कारण एकदा काम सुरू झालं की तो आकडा बदलू देत नाही. नवीन मुलं इथं चुकतात. दोन दिवसांचं काम करून झाल्यावर त्यांना कळतं की प्रोजेक्ट २४ वर होता.

अण्णांचा हँडीकॅम वेगळ्याच जमान्यातला. तो सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं घेतो, एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. जुन्या टीव्हीवर ती डोळ्यांत आपोआप एक व्हायची. आता कॉम्प्युटरवर थांबवून बघितलं तर पळणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ते दात विंचरून काढावे लागतात. छातीवरचा कॅमेरा सेकंदाला ६० चित्रं घेणारा, म्हणून त्याचा उपयोग ठरलेला. काठी उचलतानाचे क्षण संथ करायचे असतील तर तो कामाला येतो, कारण ६० ची २५ नं चालवली की वेळ अडीचपटीच्या जवळ लांबते आणि चित्र कुठंही तुटत नाही.

मग पाचही जण एका क्षणावर आणायचे. सिनेमावाले क्लॅप मारतात. मिरवणुकीत कोण क्लॅप मारणार? पण सोलापूरच्या यात्रेत क्लॅपची गरज नाही. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" हा गजर सुरू झाला की हजारो घशांतून तो "हर्र" एकाच वेळी फुटतो, आणि आवाजाच्या आलेखात एखादं टोकदार शिखर उभं राहावं तसा उभा राहतो. पाचही ट्रॅकवर तो सापडतो. सॉफ्टवेअरला सांगितलं की ते आवाजावरून पाचही फाइली स्वतःच सरकवून जुळवून देतं.

दिली. आणि तरी काहीतरी चुकत होतं.

अक्षतांचा शॉट होता. कट्ट्यावर सम्मतीचं, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टकांचं, वाचन चालू होतं, भोंग्यातून "सत्यम सत्यम" आलं, हात वर गेले. माझ्या कॅमेऱ्यातून अण्णांच्या कॅमेऱ्यावर कट केला तर त्यांच्याकडं हात आधीच वर जाऊन अक्षता खाली यायला लागल्या होत्या. कट मागं घेतला, पुढं घेतला, तेच. आवाज मात्र दोन्हीकडं अगदी तंतोतंत. तासभर गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक सॉफ्टवेअरची नाही, अण्णा उभे होते त्या जागेची आहे.

मी कट्ट्याच्या जवळ होते, भोंग्यापासून पंधरा मीटरवर असेन. अण्णांना डॉक्टरांनी गर्दीत आणि धुळीत जायचं नाही असं बजावलेलं, म्हणून ते लांब, तळ्याच्या बाजूला एका ओट्यावर. तिथून लेन्स पूर्ण पुढं काढून ते शूट करत होते. उजेड दोघांपर्यंत एकाच क्षणी पोचतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. पंचविसाच्या हिशेबात एक चित्र म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, तेवढ्यात आवाज साधारण १४ मीटर जातो. अण्णा माझ्यापेक्षा दीडशे मीटर मागं होते, म्हणजे त्यांच्या कॅमेऱ्याला "सत्यम" दहा-अकरा चित्रं उशिरा ऐकू आलं. आवाज जुळवायच्या नादात सॉफ्टवेअरनं त्यांचं चित्र तेवढंच आधी ओढून ठेवलं होतं.

मी त्यांचा आवाज बंद केला आणि चित्र अकरा घरं उशिराकडं सरकवलं. हात बरोबर एकत्र वर गेले. एकदा हे कळल्यावर मी गंमत म्हणून उलटा हिशेब करत बसले. प्रत्येक कॅमेरा किती चित्रं उशिरा ऐकतो त्यावरून कोण कुठं उभं होतं हे काढता येत होतं. आत्या तीन चित्रं मागं होती, म्हणजे माझ्या मागं चाळीसेक मीटर. चुलतभाऊ जवळजवळ माझ्या बरोबरीनं. तळ्याच्या काठावरची ती सगळी गर्दी माझ्यासमोर आवाजाच्या अंतरानं मांडली गेली. कुणीच कुणाला त्या दिवशी बघितलं नव्हतं.

वेळ जुळली. आता रंग.

पाच खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या. पाचांमध्येही बाराबंदीवाल्यांची तीच रांग, जानेवारीचं तेच ऊन, मागं किल्ल्याची तीच भिंत. आणि पाच तऱ्हांचं पांढरं. माझ्या कॅमेऱ्यात राखाडी, कारण मी लॉगमध्ये शूट करते. त्यात रंग मुद्दाम फिके ठेवलेले असतात, नंतर चढवायला. चुलतभावाच्या मोबाइलमध्ये डोळे दिपवणारं, कारण फोन एचडीआर या जास्त चमक पकडणाऱ्या पद्धतीत होता आणि माझा प्रोजेक्ट रेक ७०९ या टीव्हीच्या साध्या पद्धतीत. छातीवरच्या कॅमेऱ्यात हिरवट. आत्याच्या मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपनं दाबून-दाबून खडूसारखं केलेलं. अण्णांच्या हँडीकॅममध्ये निळं. स्वच्छ, गार निळं.

अशा वेळी मनात पहिल्यांदा येतं ते चूक असतं, आणि मीही कित्येक वर्षं ती चूक केली. वाटतं, सगळ्यांत चांगला कॅमेरा घ्यावा, त्याला सुंदर सजवावं आणि बाकीच्यांना त्याच्यापर्यंत ओढावं. पण माझ्या कॅमेऱ्यात लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी १०२४ पायऱ्या आहेत. आत्याच्या मोबाइलमध्ये २५६, आणि व्हॉट्सॲपनं त्यातलंही बरंचसं तपशिलाचं सामान काढून टाकलेलं. तिचा शॉट थोडा जरी ओढला तरी आभाळात पायऱ्या पडतात, चेहऱ्यावर डाग उठतात. म्हणून आधी सगळ्यांत कमकुवत फुटेज कुठपर्यंत जाऊ शकतं ते बघायचं. ते जिथं थांबेल, तिथं बाकीच्यांनी यायचं. माझा कॅमेरा हवा तसा वाकतो. मग वाकायचं त्यानंच.

आणि आत्याचं फुटेज मला सोडायचं नव्हतंच. बाकी चारही जण काठीकडं बघत होते. तिनं काठीखालचे मुलाचे पाय दाखवले, अनवाणी, डांबरावर, बोटं आवळून धरलेली. तेवढा एक शॉट कुणाकडंच नव्हता. तिला फोन केला, म्हटलं, "आत्या, परत पाठवा, पण या वेळी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दाबलं जाणार नाही." तिनं घरातल्या कुणाला तरी विचारून पाठवलं. बरंच सुधारलं. उभं होतं ते उभंच ठेवलं, दोन्ही बाजूंना काळं. बाजूला तेच चित्र धूसर करून पसरायची पद्धत आहे, ती मला बघवत नाही. माणूस जेवढं बघत होता तेवढंच दाखवावं.

मग जुळवायला कुठलं पांढरं धरायचं?

मी बाराबंदी धरली आणि फसले. एका बाराबंदीवर पांढरं जुळवलं की शेजारचा निळा पडे. त्याच्यावर जुळवलं की मुलाची पिवळी पडे. दोन दिवस मी या चिमटीत होते. शेवटी अण्णांना शेजारी बसवलं. ते आळीपाळीनं एकेक डोळा झाकत पडदा बघायला लागले, आणि मग त्यांनी आजोबांची आठवण काढली.

माझे आजोबा इथल्या एका मिलच्या रंगखात्यात होते. चादरीच्या सुताचा एक लॉट संपून दुसरा सुरू झाला आणि दोन लॉटच्या रंगात केसाएवढाही फरक असला, तरी विणल्यावर चादरीत आडवा पट्टा उठतो. म्हणून नवा लॉट आला की आजोबा जुन्या लडीतली एक आणि नव्यातली एक घेऊन अंगणात यायचे. ट्यूबखाली जुळलेलं सूत जुळलं असं ते कधी म्हणायचे नाहीत. आत एकसारख्या दिसणाऱ्या दोन लडी उन्हात आल्या की वेगळ्या पडतात, हे त्यांनी हजारदा बघितलं होतं.

"अगं, बाराबंद्या काय एका लॉटच्या आहेत का?" अण्णा म्हणाले. "कुणाची नवी टेरिकॉटची, कुणाची नीळ घातलेली, कुणाची त्याच्या बापाची. पांढरी म्हणायची, पण एकही एकसारखी नाही. तू कापडावर जुळवूच नको."

टेरिकॉटमध्ये आणि नव्या साबणांत चमक आणणारी द्रव्यं असतात. ती उन्हातली न दिसणारी जांभळ्यापलीकडची किरणं घेऊन निळसर उजेड बाहेर टाकतात. एकेका सेन्सरला तो उजेड एकेक तऱ्हेनं दिसतो. म्हणजे कापडांतच फरक होता आणि कॅमेऱ्यांनी तो आणखी आपापल्या परीनं वाढवला होता. मला हवी होती अशी एकच गोष्ट, जी पाचही कॅमेऱ्यांनी बघितली आहे आणि जिला स्वतःचा रंग नाही. फोटोवाले यासाठी राखाडी कार्ड वापरतात, अठरा टक्के उजेड परतवणारं. यात्रेत ते कोण धरणार?

मी मुलाचा चेहरा मोठा करून बघत होते. त्वचा जुळवायला म्हणून. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंग मोजायच्या गोल आलेखावर, त्वचेची एक तिरकी रेघ असते. गोरा असो, सावळा असो, काळा असो, माणसाच्या कातडीचा मूळ रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो, फरक असतो तो उजेडाचा आणि गडदपणाचा. त्या रेघेवर पाचही चेहरे आणायचं माझं चाललं होतं. आणि त्या कपाळावर तीन बोटांनी ओढलेली विभूती होती.

राख. ना पिवळी, ना निळी.

मी जाड पट्ट्याची जागा शोधली, जिथून कातडी दिसत नव्हती, आणि तिथं ठिपका ठेवला. दुसऱ्या एका आलेखात लाल, हिरवा, निळा या तीन रंगांचे तीन खांब शेजारी-शेजारी असतात. राखाडी जागेवर ते एका उंचीचे यायला हवेत. माझ्या कॅमेऱ्यात आले. मोबाइलमध्ये निळा खांब जरा उंच होता, खाली घेतला. छातीवरच्या कॅमेऱ्यात शेजारच्या काठीवाल्याचं कपाळ होतं, तिथला हिरवा खाली आणला. आत्याचा शॉट पायांचा, पण मागं खाली वाकलेल्या एका म्हाताऱ्याचं कपाळ सापडलं. अण्णांच्या शॉटमध्ये निळा इतका उंच होता की तो खाली आणताना मला जरा वाईट वाटलं. एकेक कपाळ जुळत गेलं तशी मागची किल्ल्याची भिंत पाचही खिडक्यांत एकाच तपकिरी रंगावर आली, तळ्याचं पाणी एकाच हिरव्यावर आलं, आणि मी न हात लावता बाराबंद्या आपापल्या जागी गेल्या. टेरिकॉटची निळसर, नीळ घातलेली निळसरच पण मऊ, आणि मुलाची सायीसारखी पिवळट. जशी होती तशी.

मी अण्णांना विचारलं, "तुमचा कॅमेरा एवढा निळा का मारत होता?"

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "सकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा पांढऱ्यावर दाबून घेतलं होतं ना. दिवसभर तेच ठेवलं."

कळलं. कॅमेऱ्याला पांढरं दाखवून बटण दाबलं की तो ते पांढरं आहे असं मानतो आणि बाकी सगळं त्याप्रमाणं लावतो. अण्णांनी त्याला मुलाच्या अंगावरची बाराबंदी दाखवली होती. ती पिवळट झालेली. कॅमेऱ्यानं तिला पांढरं करण्यासाठी सगळ्या जगात निळा मिसळला. तिच्यापुरतं ते बरोबर होतं, म्हणून फक्त ती एकटी अण्णांच्या फुटेजमध्ये शुभ्र होती आणि बाकी सगळं शहर निळं.

फिल्म पहिल्यांदा दाखवली तेव्हा मुलाची आजी आली होती. सोबत डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यांना कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसवलं. अक्षता, काठी, पाय, सगळं त्यांनी हात मांडीवर ठेवून बघितलं. छान झालंय म्हणाल्या. एका जागी आवाज जरा मोठा कर म्हणाल्या, जिथं नातवानं काठी घेताना "हर्र" म्हटलं होतं. मग सकाळच्या एका शॉटची लांबी तपासायला मी अण्णांचं मूळ फुटेज उघडलं, अजून हात न लावलेलं. त्यात घरातली सकाळ होती. नातू उभा, आणि आजी स्वतः त्याच्या बाराबंदीचे बंद बांधतायत. हे काढणारे फक्त अण्णाच होते.

"थांब," आजी म्हणाल्या. "हे काय आहे?"

"आजी, हे कच्चं आहे. अजून रंग नीट केलेला नाही. तुम्ही आत्ता बघितलात तो नीट केलेला."

त्या पडद्याच्या जवळ गेल्या. बोट काचेला लागेल इतक्या जवळ. भिंत निळी, स्वतःचा हात निळा, दारातलं ऊन निळं, आणि मधे ती बाराबंदी, एकही डाग नसलेली.

"ह्यांनी पहिल्या वर्षी घातली होती, तेव्हा अशीच होती गं," त्या म्हणाल्या. "मीच शिवून घेतली होती. अशीच होती."

मी त्यांना कॅमेऱ्याचं बटण, ट्रंक, पिवळेपणा, काही सांगितलं नाही. मीही बघत राहिले. दोन दिवस खपून मी जे खरं शोधून काढलं होतं ते त्यांच्या नातवाच्या अंगावरचं, त्या दुपारचं खरं होतं. त्यांच्याजवळ त्याच कापडाचं दुसरं एक खरं होतं, आणि ते आमच्या पाच कॅमेऱ्यांपैकी एकात, चुकून, उतरलं होतं.

दुपारच्या शॉटमध्ये ते निळं ठेवणं शक्य नव्हतं. माझ्या शॉटवरून तिथं कट केला की चादरीतला पट्टा उठावा तसा उठला असता, आणि बघणाऱ्याचं लक्ष काठीवरून उडून रंगावर गेलं असतं. ते मी जुळवलं तसंच ठेवलं. पण सकाळचा शॉट दुसऱ्या कुठल्याच कॅमेऱ्यानं काढलेला नव्हता, त्याला कुणाशी जुळायचं नव्हतं. तो मी उचलून फिल्मच्या सुरुवातीला नेला, नावाच्याही आधी, आणि त्याच्यावरचं सगळं करेक्शन काढून टाकलं. चाळीस सेकंद. आवाज फक्त घरातला, मागं कुणीतरी कुकरची शिट्टी मोजतंय. मग काळं, मग नाव, मग तळं. मधे काळं असलं की डोळा नवा उजेड मान्य करतो. त्या दिवशी अण्णांना तो शॉट दाखवला तर त्यांनी सवयीनं उजवा डोळा झाकला, डाव्यानं बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे की. काय करायचंय त्याला?"

मार्चमध्ये त्यांच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. घरी आल्यावर दिवाणावर बसले, तीच चादर. हात उचलून एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. परत केलं.

"आता दोन्हीकडनं एकच दिसतंय," म्हणाले. आवाजात आनंद होता, आणि थोडं हरवल्यासारखंही. मग म्हणाले, "ती फिल्म लाव बरं परत."

लावली. पहिला शॉट सुरू झाला तसे ते पुढं झुकले.

"निळा मारतोय की गं हा."

"हो. आजींना तसाच हवाय."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे उघडे ठेवून बघत राहिले. पडद्यावर आजी वरून सातवा बंद बांधत होत्या, गाठ सुटली, त्यांनी ती परत बांधली.